अंधारात बोलणाऱ्या पेशी

मध्यरात्री वीज गेली तेव्हा मी जागीच होते. पडदे ओढलेले, बाहेरचेही सगळे दिवे गेलेले. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे पापण्यांना हात लावूनच कळावं असा अंधार खोलीत उतरला. झोप येत नव्हती म्हणून चाळा करावा तसा मी उजवा हात चेहऱ्यासमोर धरला आणि हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला. हात दिसला. बोटं मोजता येतील असा नाही, पण अंधारापेक्षा किंचित गडद असं काहीतरी डोळ्यांसमोरून सरकत गेलं, नेमकं हाताच्याच वेगाने. हात थांबवला की ते विरून जायचं, पुन्हा हलवला की पुन्हा यायचं. शेजारी बहीण झोपली होती. तिला उठवलं आणि माझ्या तोंडासमोर तुझा हात फिरव म्हटलं. कुरकुरत का होईना, तिने फिरवला. वारा गालाला लागला, बांगडी वाजली, पण दिसलं काहीच नाही. तिचा हात त्या खोलीत नव्हताच जणू. माझा होता.

वीज यथावकाश आली, पण हे मनातून जाईना. जिथे उजेडाचा कणही नाही तिथे मी काय पाहिलं? आणि माझाच हात दिसतो, तिचा दिसत नाही, म्हणजे हे काम डोळ्यांचं होतं तरी का? पुढे वाचनात आलं की हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातल्या डुये ताडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर रीतसर प्रयोग केले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पूर्ण अंधारात स्वतःचा हात हलवला तर निम्म्या लोकांना तरी त्याची हालचाल ‘दिसते’. त्यातला एक तपशील मला फार आवडला. समोर खरोखर काही सरकत असेल तरच माणसाची नजर त्याच्यामागे सलग, न अडखळता फिरू शकते. रिकाम्या जागेत डोळे फिरवायला गेलं की ते टप्प्याटप्प्याने उड्या मारतात. ज्यांना अंधारात हात दिसत होता, त्यांचे डोळे त्या न दिसणाऱ्या हातामागे अधिक सलग फिरत होते. म्हणजे ती माणसं भास झाल्याचं नुसतं सांगत नव्हती, त्यांचे डोळेही तसंच वागत होते. हात कुठे आहे हे मेंदूला स्नायूंकडून कळलेलंच असतं. तेवढ्या माहितीवर त्याने चित्र काढून टाकलं, डोळ्यांकडून होकार येण्याची वाटही पाहिली नाही.

लहानपणी दुपारी निजवलं की मी डोळे मिटून बोटांनी पापण्या दाबत पडायची. आधी एक निळसर कडं उमटायचं, मग नक्षी, मग ठिणग्या. मोठी माणसं रागवायची, आणि ते योग्यच होतं, कारण डोळ्यांवर असा दाब देऊ नये. पण त्या खेळातली एक गंमत अजून लक्षात आहे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात हलकं दाबलं की उजेडाचं वर्तुळ नाकाच्या बाजूला दिसायचं, दाबलेल्या जागेच्या बरोबर उलट. डोळ्यातली प्रतिमा उलटी पडते हे केप्लरने १६०४ मध्ये मांडलं. मेंदूला तेव्हापासून नाही, कायमच ठाऊक आहे की दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, उजव्या भागाकडून खबर आली तर वस्तू डावीकडे असणार. खबर उजेडाने दिली की बोटाने, ही चौकशी तो करत नाही. दृष्टिपटलावरून काहीही आलं तरी तो त्याला उजेडच समजतो.

आणि खबर येतच असते. ठार अंधारातही आपल्याला निखळ काळं दिसत नाही. करड्या रंगाची धूसर, बारीक वळवळणारी पार्श्वभूमी दिसते. त्याचं एक कारण दृष्टिपटलाच्या दंडपेशींमध्ये आहे. मंद उजेडात पाहण्याचं काम या पेशींचं. प्रत्येक डोळ्यात त्या दहा कोटींच्या आसपास, आणि एकेका पेशीत ऱ्होडॉप्सिन नावाच्या रंगद्रव्याचे पुन्हा दहा कोटींच्या आसपास रेणू. त्या रेणूच्या पोटात रेटिनाल नावाचा एक छोटा, मधे मुडपलेला तुकडा असतो. तो जीवनसत्त्व अ पासून बनतो. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो तो यामुळेच. प्रकाशाचा एक कण, एक फोटॉन, त्यात शोषला गेला की मुडपलेला तुकडा ताठ होतो. याला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात. एका सेकंदाचे एक अब्ज भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख, तेव्हा एक फेम्टोसेकंद हाती येतो. पाहण्याच्या सगळ्या खटाटोपात उजेडाचं काम एवढंच, आणि ते तिथे संपतं. पुढचं सगळं शरीराचं. जॉर्ज वॉल्ड यांनी आयुष्यभर या रंगद्रव्याचा पाठपुरावा केला. १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा आहे.

हा रेणू कमालीचा स्थिर आहे. एकच रेणू घेऊन अंधारात पाहत बसलं तर तो आपणहून ताठ होण्याची वाट सरासरी शेकडो वर्षं पाहावी लागेल. पण एका पेशीत दहा कोटी रेणू असल्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी त्यातला एखादा नुसत्या शरीराच्या उबेने ताठ होतो. असं प्रत्येक पेशीत. हिशेब मांडला तर अंधारात एका डोळ्यात दर सेकंदाला काही लाख वेळा कुठे ना कुठे ‘फोटॉन आला’ अशी नोंद होते आणि त्यातली एकही खरी नसते. उबेने ताठ झालेला रेणू आणि उजेडाने ताठ झालेला रेणू यांत फरक काही नाही. पेशीला तो सांगताच येणार नाही. हॉरेस बार्लो यांनी १९५६ मध्ये हा विचार मांडला: आपण किती मंद उजेड पाहू शकतो याची मर्यादा डोळ्याच्या दुबळेपणावर नाही, या आतल्या गोंगाटावर ठरते.

डोळा दुबळा नाही हे तर त्याआधीच सिद्ध झालं होतं. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेक्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन यांनी स्वतःच्या डोळ्यांवरही प्रयोग केला. आधी अर्धा तासाहून अधिक वेळ अंधारात बसायचं, कारण दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला तेवढा वेळ लागतो. मग एका अंधूक लाल ठिपक्यावर नजर खिळवायची आणि त्याच्यापासून २० अंश बाजूला, दंडपेशींची दाटी असते तिथे, एक सहस्रांश सेकंदाची हिरवट चमक सोडायची. दिसली की नाही ते सांगायचं. डोळ्याच्या पृष्ठभागापाशी ५४ ते १४८ फोटॉन पोचले की ती दहातल्या सहा वेळा दिसत होती. त्यातले बरेचसे वाटेतच वाया जातात; पेशींनी प्रत्यक्ष शोषलेले असतात ५ ते १४. ते पडतात सुमारे ५०० दंडपेशींच्या पट्ट्यात, तेव्हा एकाच पेशीवर दोन पडण्याची शक्यता जवळजवळ नाही. याचा अर्थ एवढाच निघतो की एका दंडपेशीला एक फोटॉन पुरतो. प्रकाशाचा यापेक्षा छोटा तुकडा निसर्गात नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. आपल्या शरीरात कशाकशाची झीज असते, उणीव असते, आणि इथे मात्र भौतिकशास्त्राच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचलेला एक अवयव आपण रोज चोळतो, धुतो, रात्री मिटून झोपतो.

पण मला खरं हलवलं ते पुढच्या गोष्टीने.

उजेड पडला की पेशी चेतवली जात असेल, तिच्यातून संदेश सुटत असेल, असंच कुणालाही वाटेल. माशीच्या डोळ्यात तसंच होतं. जपानमध्ये त्सुनेओ तोमिता यांनी १९६० च्या दशकात कार्प माशाच्या शंकूपेशीत, म्हणजे रंग आणि भरपूर उजेड ओळखणाऱ्या पेशीत, अतिशय बारीक काचेची सुई घालून विद्युतदाब मोजला. उजेड पाडल्यावर तो चढायला हवा होता. तो आणखी उतरला. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांत, आपल्यातही, असंच आहे. अंधारात दंडपेशीची दारं उघडी असतात, सोडियम सतत आत येत राहतो, दाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो आणि पेशी पुढच्या पेशीवर ग्लुटामेट हे रसायन अखंड सोडत राहते. फोटॉन आला की रेणूंची एक साखळी हलते, काही दारं मिटतात, दाब आणखी खाली जातो आणि ग्लुटामेटची धार बारीक होते. भरपूर उजेडात ती जवळपास थांबते. अंधारात या पेशी बोलत असतात, उजेडात गप्प होतात. घरातला पंखा बंद पडल्यावरच इतका वेळ त्याचा आवाज चालू होता हे कळतं, तसं पुढच्या पेशींना उजेड या थांबण्यावरून कळतो. म्हणूनच दृष्टिपटलाला अंधारात जास्त ऊर्जा लागते. रात्रभर मिटलेल्या पापण्यांमागे कोट्यवधी पेशी काहीही दिसत नसल्याची बातमी प्राणवायू जाळून पुढे पाठवत राहतात.

मला यात आनंद होतो आणि थोडं बावरल्यासारखंही होतं. आपण अंधाराला रिकामं समजत आलो. काही नसणं म्हणजे अंधार. आणि या शरीराच्या लेखी मात्र अंधार ही सांगण्याजोगी, खर्च करून सांगण्याजोगी बाब आहे. त्यातलं शहाणपण मला कळतं: सतत वाहणाऱ्या धारेतली छोटीशी खोट पकडणं हा एका फोटॉनची दखल घेण्याचा उत्तम मार्ग ठरला. एकेका फोटॉनचा हा परिणाम शिगेला पोचायला सेकंदाचा जवळपास पाचवा हिस्सा लागतो, तेव्हा मंद उजेडात आपण जे पाहतो ते नेहमी किंचित जुनं असतं. तरी कळूनही विचित्र वाटायचं ते वाटतंच. सकाळी डोळे उघडताना आता कधी कधी मनात येतं की आत्ता आत कोट्यवधी पेशी एकदम गप्प झाल्या.

हे सगळं मी कुतूहलापोटी वाचत होते तोवर ठीक होतं. मग बाबांना काचबिंदू निघाला.

ते दाराच्या डाव्या चौकटीला धडकायला लागले होते. कुणी डाव्या बाजूने आलं की दचकायचे. त्यांना विचारलं, त्या बाजूला काळं दिसतं का, अंधारी येते का? ते विचार करून म्हणाले, “नाही गं. तिकडे काही दिसत नाही असंसुद्धा वाटत नाही.” हे उत्तर मला फार दिवस छळत होतं. काचबिंदूत दंडपेशी आणि शंकूपेशी बहुतांशी शाबूत असतात. मरतात त्या त्यांच्या पुढच्या, शेवटच्या थरातल्या गँग्लियन पेशी, ज्यांचे लांब तंतू एकत्र येऊन दृष्टीची नस बनते. कोट्यवधी पेशींची बातमी वाहून न्यायला तंतू फक्त दहा लाखांच्या आसपास, आणि त्यातलेच झडत जातात. एकदा गेलेला तंतू परत येत नाही. ही नस डोळ्यातून जिथे बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. प्रत्येक डोळ्यासमोर असं एक आंधळं ठिकाण आहे, पौर्णिमेचे दहाएक चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं रुंद. १६६० च्या दशकात एद्म मारिओत या फ्रेंच माणसाने ते दाखवून देईपर्यंत ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. एक डोळा मिटला तरी तिथे भोक दिसत नाही, आजूबाजूचा रंग, भिंत, आकाश पसरून ती जागा भरलेली असते. बाबांच्या डोळ्यांत अशी ठिकाणं वाढत होती आणि त्यांचा मेंदू ती तितक्याच शांतपणे भरत होता. अंधार दिसायलाही कुणीतरी अंधार म्हणून सांगावं लागतं. तो सांगणारा तंतूच गेला होता.

त्यांच्यासोबत तपासणीला जायचं काम माझ्याकडे आलं. एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या खुणेवरून नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठिपके कधी ठळक, कधी दिसलाच की काय असे. मी मागे खुर्चीवर बसून त्यांच्या अंगठ्याकडे पाहत असे. तंबोऱ्याची तार लावताना ते कान देऊन बसायचे, तसाच ताण खांद्यांत. यंत्र मधूनमधून परीक्षाही घेतं: आंधळ्या ठिकाणी मुद्दाम ठिपका टाकतं, तो दिसला तर नजर हललेली असते, कधी काहीच दाखवत नाही आणि बटण दाबलं जातं का ते पाहतं. एकदा तपासणाऱ्या मुलीने हळूच सांगितलं, “काका, ठिपका नसताना दाबताय तुम्ही. दिसला तरच दाबा.” बाबा म्हणाले, “दिसला म्हणूनच दाबलं.” आवाजात राग नव्हता, पण वाटेत ते गप्प होते. मला त्या मुलीचंही पटत होतं, तिला चोख नकाशा हवा होता, त्यावर औषध ठरणार होतं. आणि बाबांचंही पटत होतं. त्या अर्धगोलात मंद उजेड असतो, तेव्हा तिथला घोटाळा दंडपेशींतल्या उबेचा म्हणता येणार नाही. पण मेंदूच्या दारात पोचणारी कुठलीच खबर गोंगाटाशिवाय येत नाही आणि अगदी कडेवरच्या ठिपक्याला हो म्हणायचं की नाही हे कुणीतरी आत ठरवावंच लागतं. हेक्टच्या काळोख्या खोलीतही ते ठरवावंच लागत होतं.

मागच्या पावसाळ्यात बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आधी जरा चाचरतच. संध्याकाळी समोरच्या कोऱ्या भिंतीवर त्यांना जाळी दिसते. बारीक, नीट विणलेली. कधी तिला पानं फुटतात. ती खोटी आहे हे त्यांना पक्कं कळतं, मान वळवली की जाते. मी त्यांना शार्ल बोने या स्विस अभ्यासकाची हकिकत सांगितली. त्याच्या आजोबांची, शार्ल ल्यूलँ यांची, दृष्टी नव्वदीच्या सुमारास मोतीबिंदूने जवळजवळ गेली होती. बुद्धी खणखणीत. त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या, आणि यातलं काही खरं नाही हे ते स्वतःच सांगायचे. बोनेने हे १७६० मध्ये लिहून ठेवलं. आज ते लक्षण त्याच्या नावाने ओळखतात आणि डॉक्टरांना ते सांगितलेलं बरं असतं, कारण पुष्कळ म्हातारी माणसं वेड लागलं म्हणतील या भीतीने बोलतच नाहीत. डॉक्टरांनीही आमचं शांतपणे ऐकलं. बाबांच्या चेहऱ्यावरचा भार त्या दिवशी खरंच उतरला.

आणि तिथे मला माझ्या अंधारातल्या हाताचा उलगडा झाल्यासारखं वाटलं. दृष्टीच्या नसेतले निम्मे तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, मग बहुतेक तंतू मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसमधल्या एका छोट्या थांब्यावर येतात आणि तिथून बातमी डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीच्या बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात जाते. शाळेत शिकवतात ते एवढंच, डोळ्याकडून मेंदूकडे. पण त्या थांब्यावरच्या जोडण्या तपासल्या तेव्हा आढळलं की डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या दहातली फार तर एक. बाकीच्यांत मोठा वाटा मेंदूच्या बाह्यकाकडून उलट येणाऱ्यांचा. डोळ्याच्या जोडण्या कमी असल्या तरी जोरकस आहेत, त्या बोलतात तेव्हा त्यांचंच चालतं. पण दुसरी बाजू कधी थांबलेली नसते. आपण काय दिसणार याची मांडामांड मेंदू आधीपासून करत असतो आणि डोळे तिला क्षणोक्षणी दुरुस्त करत राहतात. माझ्या खोलीत दुरुस्त करायला उजेड नव्हता, हात कुठे आहे ते मात्र माहीत होतं. बाबांकडे उजेड आहे, पेशी आहेत, मधले तंतू नाहीत, म्हणून भिंतीवर जाळी विणली जाते. मला हे सुंदर वाटतं. ते सुंदर वाटावं याचं वाईटही वाटतं, कारण ती जाळी माझ्या वडिलांच्या जाणाऱ्या दृष्टीतून आली आहे.

हे सगळं बाबांना सांगितलं. दंडपेशी अंधारात बोलतात आणि उजेडात गप्प होतात हे ऐकून त्यांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, “मग माझ्या डाव्या बाजूचा उजेड ज्यांच्यावर पडतो, त्या अजून गप्प होतात?” होतात, म्हटलं. मागच्या पेशी जिवंत आहेत, त्यांचं काम चालू आहे. “मग मधली तार पुन्हा वाढत का नाही?” मी सांगितलं की सस्तन प्राण्यांत ती सहसा वाढत नाही. माशात वाढते, बेडकात वाढते. रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात बेडकाची नस कापून डोळा उलटा फिरवून बसवला, तर तंतू पुन्हा वाढून आपापल्या जुन्या जागी जाऊन पोचले आणि बेडूक वरच्या माशीसाठी खाली झेप घ्यायला लागला. बाबा खुर्चीत पुढे सरसावून बसले. “बेडकाला जमतं, मग आपल्यात काय अडतं?” त्यातलं मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं: आपल्या मज्जासंस्थेतल्या तंतूंभोवतीच्या आवरणात वाढ रोखणारी द्रव्यं असतात, आणि त्या पेशींची स्वतःची वाढायची ताकदही मोठेपणी ओसरलेली असते. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी मागच्या तपासणीचा कागद मागून घेतला, तो उलटा केला आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न म्हणून मोठ्या, जराशा उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात लिहिलं: बेडकाचं काय?